तिसरा प्याला

प्याला ओठांशी नेण्याआधी शरयूताई डोळे मिटून घेत. उजव्या हाताची तीन बोटं त्याच्या कडेला, डावा तळवा खाली आधाराला, आणि मग एकच दीर्घ, संथ श्वास. त्या श्वासाबरोबर त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आधी गोळा होत आणि मग सावकाश विरघळत, उन्हात ठेवलेल्या तुपासारख्या. दुकानाच्या पश्चिमेकडच्या काचेतून दुपारी चारचं तिरपं ऊन आत येई, प्याल्यातल्या दोन घोटांवर थरथरे, आणि त्या थरथरीचं प्रतिबिंब त्यांच्या हनुवटीखालच्या सैल झालेल्या त्वचेवर खेळत राही. पासष्टीची, पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा घातलेली, सुती कुर्त्यातली एक मराठी बाई सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या एका जपानी माणसाच्या दुकानात बसून साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, चाखते आहे, या दृश्यात कुणाला काही विसंगत दिसलं असेल तर दिसो. मला त्यात एक विलक्षण गंभीर, जवळजवळ प्रार्थनेसारखी एकाग्रता दिसत असे, आणि आज ते आठवताना माझी मान खाली जाते.

टॅम्पिनीसला आमची दारं एकाच मजल्यावर, समोरासमोर होती. त्यांच्या दाराशी तुळशीच्या शेजारी सुवासिक पानांच्या पंदानची कुंडी होती, आणि सकाळी ऑफिसला निघताना त्या दोन्हींना पाणी घालणारी त्यांची वाकलेली पाठ मला दिसे. त्यांचे यजमान मोहनराव गेल्यापासून त्या घरातून फार थोडे आवाज येत. कुकरची शिट्टी एकदाच वाजे. पूर्वी ती तीनदा वाजायची. एका माणसाचा स्वयंपाक किती लवकर होतो आणि त्यानंतरची दुपार किती लांबते, हे त्या कधी बोलल्या नाहीत. पण कॉरिडॉरमधल्या दोरीवर एकटी वाळत असलेली त्यांची पांढरी ओढणी वाऱ्याशिवायही हललेली मला वाटे.

मोहनराव जहाजांच्या इंजिनांच्या कंपनीत होते आणि कामानिमित्त वारंवार जपानला जात. निवृत्तीला चार महिने उरले असताना, फेब्रुवारीत, ते उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात गेले होते. तिथून येताना त्यांनी स्वेटरमध्ये गुंडाळून साकेची एक बाटली आणली. दारातच बायकोला म्हणाले, "शरयू, भाताचं झाकण काढल्यावर येते ना, तशी वाफ येते याच्यातून. तुझ्या गावच्या नव्या तांदळाची. एक घोट घेऊन बघच." शरयूताईंचं माहेर रोह्याकडचं, घरची भातशेती. पण दारू म्हटल्यावर त्यांनी हात झटकले. "ठेवा ती कपाटात. रिटायर झालात की बघू." एप्रिलमध्ये मोहनराव ऑफिसातच खुर्चीवरून खाली आले ते उठलेच नाहीत. बाटली कपाटात राहिली.

दोन वर्षांनी, एका शनिवारी, शरयूताईंनी माझं दार वाजवलं. "वृंदा, तुझ्या ऑफिसच्या मागे साकेचं दुकान आहे म्हणाली होतीस ना? मला नेशील?" हातात जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली बाटली होती. इथल्या मेट्रोत, एमआरटीत, खाणंपिणं चालत नाही, मग बंद बाटली चालते का, हे त्यांनी मला जिना उतरताना दोनदा विचारलं आणि सबंध प्रवासभर ती झोपलेल्या मुलासारखी मांडीवर धरून ठेवली.

दुकानाचे मालक मोरिता-सान सत्तरीचे होते. काटकुळे, किंचित पोक आलेले, आणि बोलताना प्रत्येक शब्द आधी तपासून मग बाहेर ठेवणारे. जुन्या दुमजली दुकानांच्या ओळीतलं शेवटचं दुकान त्यांचं. आत एक लांब लाकडी फळी, चार उंच स्टुलं, आणि भिंतभर गुणगुणणारे फ्रिज. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, उजेडाकडे धरली, मानेवरची चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग मोडक्या इंग्रजीत, अगदी हळू त्यांनी विचारलं, "ही कुठे होती?"

"कपाटात," शरयूताई म्हणाल्या. "दोन वर्षं."

या प्रकारची साके उकळलेली नसते, त्यांनी सांगितलं. ती दुधासारखी जिवंत असते. थंडीत ठेवावी लागते आणि काही महिन्यांत प्यावी लागते. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं होतं, पण जपानीत.

"म्हणजे नासली?"

मोरिता-सानांनी बाटली फळीवर ठेवली. "बदलली," ते म्हणाले. त्या एका शब्दात एवढा संकोच आणि एवढं सौजन्य होतं की खोटं बोलण्याची त्यांना सवय नाही आणि दुखावण्याचीही नाही, हे दोन्ही एकदमच कळलं.

मला वाटलं, त्या आता बाटली उचलतील आणि आपण घरी जाऊ. पण शरयूताई स्टुलावर बसल्या. "मला आधी न बदललेली कशी लागते ते शिकवाल का?" त्यांनी विचारलं. "नाहीतर काय बदललं ते मला कसं कळणार?"

त्या दिवसापासून शनिवार सुरू झाले. सिंगापूरला ऋतू नाहीत. इथे वर्ष म्हणजे एकच लांब, दमट दुपार असते, मधूनमधून पावसाने धुतलेली. पण त्या दुकानात ऋतू बाटल्यांमधून येत. थंडी संपताना पिळलेली, किंचित गढूळ, जिभेवर बारीक काटे उमटवणारी वसंताची साके. उन्हाळाभर गारव्यात मुरलेली, पिकल्या गवताच्या रंगाची शरदाची. आणि कोमट करून प्यायची, मातीच्या घरासारखी ऊबदार हिवाळ्याची. ज्या देशात झाडांची पानं एकाच वेळी गळत नाहीत तिथे शरयूताई काळाची पावलं प्याल्यातून ओळखायला शिकल्या.

त्या फार थोडं पीत, पण फार लक्ष देऊन. तांदूळ त्यांना जन्मापासून ठाऊक होता. कुठली साके पेजेसारखी, कुठली कोंड्यासारखी, कुठली सकाळच्या शिळ्या भातासारखी, हे त्या मला मराठीत सांगत. मी ते इंग्रजीत आणताना निम्मं सांडत असे. तरी मोरिता-सान मान डोलवत, कारण शरयूताईंच्या चेहऱ्यावर ते आधीच उमटलेलं असे. साके एकटी चाखायची नसते, तिला खाण्याची सोबत लागते, असं त्यांनी सांगितल्यावर शरयूताई पुढच्या शनिवारपासून स्टीलचे डबे आणू लागल्या. मग त्या लाकडी फळीवर अळूवडी आली, भरली वांगी आली, थालीपीठ आणि लोणी आलं, टॅम्पिनीसच्या बाजारात बाटांग म्हणून मिळणारी सुरमई रवा लावून तळून आली.

सगळं काही जुळत नसे. ठेच्याने तर एकदा एका महागड्या बाटलीचा आवाजच बंद केला. मोरिता-सानांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मिरचीला वाकून नमस्कार करते झाले. पण कोमट साके आणि अळूवडी यांची गाठ पडली तेव्हा चिंचगुळाचा आंबटगोडपणा, तिळाचा खमंगपणा आणि तांदळाचा खोल गोडवा एकमेकांत असे मिसळले की दोघांचेही हात पुन्हा डब्याकडे गेले. मग मोरिता-सान एवढंच म्हणाले, "माझी बायको असती तर तिला आवडलं असतं." ती सहा वर्षांपूर्वी गेल्याचं आम्हाला त्या दिवशी कळलं. शरयूताईंनी डब्यातली उरलेली वडी त्यांच्या बशीत ठेवली.

या दोन माणसांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्यांच्यामध्ये, दुभाषी म्हणून, मी बसलेली असे. कधीकधी मला वाटे की या तिघांत सर्वांत मुकी मीच आहे.

घरी मात्र हे सगळं इतकं सोपं नव्हतं. मुलगा निखिल ऑकलंडला होता. जन्म सिंगापूरचा, बोलणं निम्मं इंग्रजीत, शेवटी सिंगापुरी 'लाह' लावलेलं. फोनवर तो म्हणे, "आई, यू आर ड्रिंकिंग अलोन ऑर व्हॉट? फ्लॅट वीक आणि इथे ये, लाह." शरयूताई हसून विषय बदलत. "एकटी कुठे? वृंदा असते ना." हे वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणत आणि मला त्याचा अभिमान वाटे.

पाडव्याचं जेवण आमच्या मंडळींनी एका कॉन्डोच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी. रेशमी साड्यांची सळसळ आणि एअरकंडिशनचा गारवा. पंगत नव्हती, बुफे होता. शरयूताई कोशिंबीर वाढून घेत होत्या तेव्हा मागून कुणीतरी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणालं, "यांचं बरं आहे हं. मोहनराव गेले आणि यांनी बाटली जवळ केली."

चारपाचजणी हसल्या. ते हसणं दुष्ट नव्हतं. बेफिकीर होतं, आणि बेफिकीर हसण्याला उत्तर देणं अधिक कठीण असतं. बोलणारी बाई माझ्या नवऱ्याच्या साहेबांची पत्नी होती. आम्ही इथे येऊन चारच वर्षं झाली होती. याच घरांमधून आम्हाला आमंत्रणं येत, याच बायका माझ्या मुलीच्या शाळेची माहिती देत. मी सांगू शकले असते. त्या दुकानात काय चालतं, ती बाटली कुणाची, मोहनराव गेल्यापासून या बाईंनी काय गिळलं, हे सांगायला चार वाक्यं पुरली असती. मी माझ्या वाटीतल्या श्रीखंडाकडे पाहत राहिले. त्यातलं केशर मोजता येईल इतका वेळ पाहत राहिले. शरयूताईंनी डाव जागच्या जागी ठेवला, ताट घेऊन त्या खिडकीशी जाऊन बसल्या आणि सावकाश, नीट, सगळं जेवल्या.

पुढच्या शनिवारी मी त्यांना म्हटलं की मुलीचा क्लास आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी त्या स्वतः माझ्या दाराशी आल्या. चेहऱ्यावर एक अनोळखी उत्सुकता होती. लहान मुलीला नवा फ्रॉक घालायचा असतो तशी. "अगं, मोरिता-सानांनी त्या गावी पत्र लिहिलं होतं. यांनी आणली होती ना, तीच साके, या वर्षीची ताजी, आज आली आहे. आज आपली पण उघडायची. दोन्ही शेजारी ठेवून. येशील ना?"

"आज पाहुणे येणार आहेत, शरयूताई," मी म्हटलं. पाहुणे कुणीही येणार नव्हते.

"बरं," त्या म्हणाल्या. डब्यांची पिशवी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. लिफ्टकडे जाणारी त्यांची पावलं मी दाराआडून ऐकली. रबरी चपलांचा तो मऊ, एकसारखा आवाज लिफ्टचं दार मिटेपर्यंत येत होता. त्यानंतरची दुपार मी घर आवरण्यात घालवली. आधीच आवरलेलं घर.

तीन आठवड्यांनी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, माझी पावलं मला त्या दुकानाकडे घेऊन गेली. दुकानात कुणी नव्हतं. त्या दिवशी काय झालं ते मोरिता-सानांनी मला सांगितलं, नेहमीसारखाच एकेक शब्द तपासत.

शरयूताईंनी आधी नवी चाखली. सोबत काही नाही. फक्त मऊ भात, त्यावर तूप आणि मीठ. डोळे मिटून त्यांनी श्वास घेतला आणि तो बराच वेळ सोडलाच नाही. मग त्या मराठीत काहीतरी बोलल्या. ते काय होतं ते मोरिता-सानांना कळलं नाही. पण त्या कुणाशी तरी बोलत होत्या एवढं कळलं. मग त्यांनी आपली बाटली पुढे केली. रंग जुन्या कागदासारखा पिवळा झाला होता. वास उग्र, कुबट, आंबलेल्या मुळ्यासारखा. शरयूताईंनी पाच डबे आणले होते. एकेका घासाबरोबर त्यांनी एकेक थेंब घेऊन पाहिला. खोबऱ्याची चटणी, कारळ्याची चटणी, गूळपोळी, सुकी कोलंबी, काळ्या वाटाण्याची उसळ. "काहीच जुळलं नाही," मोरिता-सान म्हणाले. "मी चाळीस वर्षं हे काम करतो. मीपण शोधलं. काहीच नाही."

"मग?"

"मग त्यांनी प्याला पूर्ण प्यायला. मीपण एक प्यायलो. पूर्ण. त्यांना एकटीला कसं पिऊ द्यायचं?"

फळीवरून त्यांनी कापड फिरवलं, जिथे डाग नव्हता तिथे.

"मी तीन प्याले मांडले होते," ते म्हणाले. "तिसरा तसाच होता. तोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, राहू दे, ती येईल कदाचित. सहा वाजेपर्यंत आम्ही तो उचलला नाही."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. काचेबाहेर रस्त्यावर ऊन इतकं पांढरं होतं की माणसांच्या सावल्याही त्यात उभ्या राहू शकत नव्हत्या. मी जेवणाच्या सुट्टीची वेळ संपली असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर पडले.

त्या संध्याकाळी मी शरयूताईंचं दार वाजवलं. आत तळणीचा वास होता. मी उंबऱ्यातच म्हटलं, "त्या दिवशी पाहुणे नव्हते, शरयूताई."

"ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर दिसल्या असत्या ना." मग माझ्याकडे न बघता गॅस बारीक करत म्हणाल्या, "पाडव्याला तू खाली बघत होतीस, तेही पाहिलं होतं मी. जाऊ दे. प्रत्येकाला आपापलं घर सांभाळायचं असतं. नव्हतीस ते बरंच झालं, इतका घाण वास होता!" आणि त्या हसल्या. ते हसणं खरं होतं. म्हणूनच मला ते सोसवेना.

"ताजी कशी होती?" मी विचारलं.

त्यांचा झारा हवेतच थांबला. "हे सांगत होते तशीच," त्या म्हणाल्या. "अगदी तशीच. झाकण काढल्यासारखी. मी त्यांना म्हटलं, तुमचं खरं होतं हो. तेव्हाच घोटभर घ्यायला हवी होती मी." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एवढंच तर मागितलं होतं त्या माणसाने. एक घोट."

उरलेली साके त्यांनी ओतून दिली नव्हती. माशांचा हिंवसपणा घालवायला जुनी साके चांगली, असं मोरिता-सानांनी सांगितलं होतं. तिच्यात मुरवलेल्या बाटांगच्या तुकड्या त्या तळत होत्या. मला त्यांनी पाटावर बसवावं तसं टेबलाशी बसवलं, वरणभात वाढला आणि वर दोन तुकड्या ठेवल्या. बाटली रिकामी होऊन ओट्यावर पालथी निथळत होती. मी जेवले. मासा अतिशय चांगला झाला होता. त्यांनी मला आणखी एक तुकडी वाढली, आणि त्या वाढण्यात क्षमा होती की नुसतंच औदार्य, हे मला ठरवता आलं नाही.

सप्टेंबरात निखिल आला आणि फ्लॅट विकल्याचे कागद झाले. ऑकलंडला निघायच्या आदल्या दिवशी त्या एकट्याच पाया लेबारला जाऊन आल्या. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तुळस त्यांनी मला दिली, पंदान खालच्या मजल्यावरच्या मलाय बाईंना. टॅक्सीत बसताना त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. तळवा कोरडा, ऊबदार, चाळलेल्या पिठासारखा मऊ होता. "मोरिता-सानांकडे अधूनमधून जात जा," त्या म्हणाल्या. "त्यांना एकटं जेवायचा कंटाळा येतो."

समोरच्या दारातून आता दुसऱ्याच कुटुंबाचे आवाज येतात. कधी पियानो, कधी मँडरिनमधलं भांडण, कधी लसणाची फोडणी. महिन्यातून एखाद्या शनिवारी मी दुकानात जाते, डबा नेते; माझ्या वड्या शरयूताईंच्यासारख्या होत नाहीत आणि मोरिता-सान तसं कधी म्हणत नाहीत. ऑकलंडहून फोन येतो. तिथे चार ऋतू आहेत, खिडकीसमोर पानं झडणारं झाड आहे, नातीला मराठी येत नाही पण भात फार आवडतो, असं त्या सांगतात. आणि बोलता बोलता आवाज मध्येच विरतो, वाऱ्यावरचं बोलणं विरावं तसा. काळ असाच अंतर वाढवत नेतो, कुणाला न दुखवता, आणि माणसं एकमेकांच्या आयुष्यातून हलक्या पावलांनी निघून जातात. त्यांच्या नसण्याची मला हळूहळू सवय होईल. त्या एका दुपारच्या माझ्या नसण्याची मात्र होत नाही.